वाहनाचा सुटा भाग घडतो कसा?

मोटारसायकल विकत घेताना ग्राहक रंग निरखतो, सीटवर बसून पाहतो आणि 'मायलेज किती देते?' हा ठरलेला प्रश्न विचारतो. कनेक्टिंग रॉड कोणत्या पोलादाचा आहे किंवा गिअरच्या दातांना पाणी कसे दिले आहे, हे कुणी विचारत नाही. विचारण्याची गरजही भासत नाही, कारण हे भाग दिसतच नाहीत. मात्र ताशी ७० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या दुचाकीस्वाराचा जीव नेमका या न दिसणाऱ्या भागांच्या हवाली असतो. ते चांगले की वाईट, हेही डोळ्यांना दिसत नाही. चकाकी, वजन किंवा आकार यांवरून त्यांची पारख होत नाही. धातूचे अंतरंग, पृष्ठभागाची कठीणता आणि मिलिमीटरच्या हजाराव्या भागापर्यंतचे माप या तीन गोष्टींवर सुट्या भागाचे आयुष्य ठरते.

छत्रपती संभाजीनगर, म्हणजेच पूर्वीचे औरंगाबाद, जगाला ठाऊक आहे ते वेरूळ-अजिंठ्याच्या लेण्यांमुळे. गेल्या चार दशकांत मात्र या शहरातील आणि आसपासच्या गावांतील असंख्य कुटुंबांची चूल वाहनांच्या सुट्या भागांवर पेटत आली आहे. बजाज ऑटोच्या वाळूज येथील कारखान्याची पायाभरणी जानेवारी १९८४ मध्ये झाली आणि नोव्हेंबर १९८५ मध्ये तत्कालीन राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. असा कारखाना कधी एकटा येत नाही. वाहन कंपनी जोडणी आणि काही महत्त्वाचे भाग स्वतःकडे ठेवते. उरलेले भाग पुरवठादार बनवतात आणि त्या पुरवठादारांना लागणारे छोटे भाग त्यांच्याहून छोट्या कार्यशाळांत तयार होतात. १९८५ मध्येच ॲल्युमिनियम डाय कास्टिंगच्या दोन यंत्रांवर सुरू झालेला एन्ड्युरन्स समूह आज सस्पेन्शन, ब्रेक, क्लच आणि ॲल्युमिनियमचे ओतीव भाग बनवणारी मोठी कंपनी आहे. व्हेरॉकची वाढही याच औद्योगिक वसाहतीतून झाली. ग्रीव्हजची एका सिलिंडरची छोटी डिझेल इंजिने येथेच तयार होऊन देशभरातील तीनचाकी वाहनांत बसली. २००१ मध्ये शेंद्रा येथे स्कोडाने मोटारींची जोडणी सुरू केली. या साखळीत घडणाऱ्या भागांमागचे शास्त्र समजून घेतले, की या शहराच्या उद्योगाचे खरे भांडवल कोणते, याचाही उलगडा होतो.

आधी ताण, मग आकार

सुट्या भागाची आखणी चित्रापासून नव्हे, हिशोबापासून सुरू होते. उदाहरणादाखल सर्वसाधारण १५० सीसी मोटारसायकलचे इंजिन घेऊ. त्याच्या सिलिंडरचा व्यास सुमारे ५७ मिलिमीटर आणि पिस्टनची वर-खाली होण्याची चाल सुमारे ५६ मिलिमीटर धरली, तर पिस्टनच्या माथ्याचे क्षेत्रफळ साडेपंचवीस चौरस सेंटिमीटर भरते. इंधनाचा भडका उडताना आतला दाब वातावरणाच्या दाबाच्या ५० पट झाला, तर मुठीएवढ्या त्या पिस्टनवर सुमारे १,३०० किलोचा भार पडतो. लहान मोटारीच्या वजनापेक्षाही हा भार जास्त आहे. इंजिन मिनिटाला ८,००० फेरे घेत असेल, तर हा भार सेकंदाला ६६ वेळा येतो आणि जातो. त्याच एका सेकंदात पिस्टन २६६ वेळा थांबून उलट्या दिशेने निघतो.

मात्र खरा शत्रू हा भार नव्हे, तर त्याचे पुन्हा पुन्हा येणे आहे. हातातली तार एका हिसक्याने तुटत नाही. तीच तार एका जागी मागे-पुढे वाकवत राहिले, की थोड्याच वेळात तुकडा हातात येतो. यालाच अभियंते धातूचा थकवा म्हणतात. मे १८४२ मध्ये फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसकडे निघालेल्या आगगाडीचा आस मोडून भीषण अपघात झाला, तेव्हा या गूढाकडे युरोपातील तंत्रज्ञांचे लक्ष वेधले गेले. पुढे ऑगस्ट व्होलर या जर्मन अभियंत्याने रेल्वेच्या आसांवर वर्षानुवर्षे चाचण्या घेतल्या. कोणत्या ताणाला किती आवर्तनांनंतर धातू मोडतो, याचे पहिले पद्धतशीर कोष्टक त्याने मांडले. पोलादाच्या बाबतीत ताण ठरावीक मर्यादेच्या खाली राहिला, तर तो भाग व्यवहारात जवळपास अमर्याद आवर्तने सोसतो. ॲल्युमिनियमला अशी स्पष्ट मर्यादा नसते, म्हणून त्याचा भाग आखताना आवर्तनांची मोजदाद करावी लागते आणि राखीव ताकदही जास्त ठेवावी लागते.

या आवर्तनांचा आकडा थक्क करणारा आहे. ताशी ५० किलोमीटर वेगाला इंजिन मिनिटाला ५,००० फेरे घेत असेल, तर प्रत्येक किलोमीटरला ६,००० फेरे होतात. ५० हजार किलोमीटर धावलेल्या गाडीच्या क्रँकशाफ्टने तोवर ३० कोटी फेरे पूर्ण केलेले असतात. इतक्या फेऱ्यांत धातूतील बारीकशी खोडही लपून राहत नाही. तडा सुरू होतो तो एखाद्या काटकोनी कोपऱ्यात, यंत्राच्या हत्याराने राहिलेल्या ओरखड्यात किंवा ओतकामात अडकलेल्या हवेच्या बुडबुड्यात. म्हणूनच क्रँकशाफ्टवर व्यास बदलतो त्या जागी टोकदार कोपरा न ठेवता गोलाई दिली जाते. कनेक्टिंग रॉडवर पोलादाच्या बारीक गोळ्यांचा मारा करून त्याचा पृष्ठभाग दाबून घट्ट केला जातो. तडा उघडायला पाहतो आणि दाबलेला पृष्ठभाग त्याला मिटवायला पाहतो, असे हे साधे तत्त्व आहे.

ओतायचे की ठोकायचे?

ताणाचा हिशोब झाला, की भाग घडवायचा कसा, हा प्रश्न येतो. वितळलेला धातू साच्यात ओतावा की तापवून ठोकावा? क्रँकशाफ्ट, कनेक्टिंग रॉड, गिअर या भागांना बहुधा दुसरा मार्ग निवडला जातो. सुमारे १,२०० अंशांपर्यंत लालबुंद तापवलेला पोलादाचा तुकडा दोन साच्यांमध्ये प्रचंड जोराने दाबला जातो. ही फोर्जिंगची क्रिया. तिचा फायदा केवळ आकार मिळण्यापुरता नाही. धातूतील कणांची रचना त्या आकाराच्या वळणाने वाहत जाते. गावचा सुतार नांगरासाठी बाभळीचे नैसर्गिक बाकाचे लाकूड शोधत असे. सरळ लाकूड तासून त्याला बाक देत नसे, कारण तासलेल्या बाकात तंतू तुटलेले असतात. फोर्जिंग पोलादाच्या बाबतीत हीच काळजी घेते.

इंजिनचे कवच, क्लचचे झाकण, गिअरपेटी असे गुंतागुंतीच्या आकाराचे आणि हलके हवे असलेले भाग मात्र ॲल्युमिनियम ओतून बनवतात. हाय प्रेशर डाय कास्टिंगमध्ये सुमारे ६५० ते ७०० अंशांचा वितळलेला धातू पोलादी साच्यात इतक्या वेगाने ढकलला जातो, की डोळ्याचे पाते लवण्याच्या आत साचा भरतो. काही सेकंदांत धातू गोठतो, साचा उघडतो आणि भाग बाहेर येतो. वेग हेच या पद्धतीचे बलस्थान आणि तिची उणीवही तीच, कारण घाईत शिरणाऱ्या धातूबरोबर हवाही अडकते. साच्यात धातूची वाट कोठून काढायची, हवेला निसटायला जागा कोठे द्यायची आणि साचा कोणत्या भागात थंड ठेवायचा, यात साचा घडवणाऱ्याचे कसब पणाला लागते. अलॉय व्हीलसारख्या जिवावर बेतणाऱ्या भागासाठी म्हणूनच धातू संथपणे भरणाऱ्या पद्धती पसंत केल्या जातात आणि आतले दोष शोधण्यासाठी क्ष-किरणांची तपासणी होते.

वरून कठीण, आतून चिवट

गिअरच्या दाताकडून परस्परविरोधी अपेक्षा असतात. दुसऱ्या दातावर सतत घासत राहूनही तो झिजू नये, म्हणून तो काचेसारखा कठीण हवा. क्लच झटक्यात सुटला तरी तो तुटू नये, म्हणून तो चिवटही हवा. एकाच पोलादाला एका वेळी दोन्ही गुण देणे अवघड. फार कठीण केलेले पोलाद ठिसूळ होते आणि चिवट ठेवलेले लवकर झिजते.

यावरचा तोडगा लोहारकामाइतकाच जुना आहे, फक्त आज त्याला मोजमापाची जोड मिळाली आहे. कमी कार्बनच्या पोलादाचा गिअर कापून झाल्यावर तो सुमारे ९०० ते ९५० अंश तापमानाच्या भट्टीत कार्बनयुक्त वायूत काही तास ठेवतात. कार्बन हळूहळू पृष्ठभागात मुरतो, साधारणतः अर्ध्या ते एक मिलिमीटर खोलीपर्यंत. मग गिअर तेलात बुडवून झटकन थंड केला जातो. मुरलेला कार्बन असलेला वरचा थर कठीण होतो, गाभा मात्र चिवट राहतो. शेवटी कमी तापमानाला पुन्हा तापवून त्यातला ठिसूळपणा घालवतात. या प्रक्रियेत थोडी कसर राहिली, तरी गिअर दिसायला तसाच दिसतो. तो चुकला होता, हे कळते ते वर्षभराने, गिअरपेटीतून घरघर ऐकू येऊ लागल्यावर. म्हणूनच प्रत्येक भट्टीतून निघालेल्या मालातील नमुना कापला जातो, त्याची कठीणता मोजली जाते आणि सूक्ष्मदर्शकाखाली कणरचना पाहिली जाते. उरलेल्यांचा भरवसा देण्यासाठी एका गिअरला असा बळी जावे लागते.

केसाहून बारीक हिशोब

माणसाच्या केसाची जाडी साधारण ७० मायक्रॉन असते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. पिस्टन आणि सिलिंडर यांच्यातील फट बहुधा या केसापेक्षाही कमी असते. ती जास्त ठेवली तर इंजिन खडखडते, तेल जाळते आणि धूर ओकते. कमी ठेवली तर तापलेला पिस्टन फुगून सिलिंडरला चिकटतो. मेकॅनिकच्या भाषेत 'इंजिन सीझ' होते. ॲल्युमिनियम तापल्यावर ओतीव लोखंडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते, हे या अडचणीचे मूळ. ते आटोक्यात ठेवण्यासाठी पिस्टनच्या मिश्रधातूत साधारण १२ टक्के सिलिकॉन मिसळतात.

त्याहून नवलाची गोष्ट म्हणजे पिस्टन गोल नसतो! वरून पाहिल्यास तो किंचित लंबगोल असतो आणि माथ्याकडे किंचित निमुळता. माथ्याचे तापमान अडीचशे-तीनशे अंशांवर जाते, म्हणून तो भाग जास्त फुगतो. पिनच्या बाजूला धातू जास्त, म्हणून ती बाजूही जास्त फुगते. इंजिन गरम झाल्यावर पिस्टन जवळपास गोल व्हावा, यासाठी तो थंड असताना मुद्दाम 'वाकडा' कापलेला असतो. हा वाकडेपणा मायक्रॉनमध्ये मोजतात.

लाखो भाग एकाच मापाचे बनवणे शक्य नसते. प्रत्येक मापाला थोडी सूट द्यावीच लागते. किती द्यायची, हे ठरवणे हा अभियांत्रिकीचा अर्धा भाग आहे. सूट कमी केली तर खर्च भराभर वाढतो, जास्त दिली तर भाग एकमेकांत नीट बसत नाहीत. काही ठिकाणी मोजलेल्या पिस्टनांचे आणि सिलिंडरांचे गट पाडून जुळत्या गटांच्या जोड्या लावतात. कार्यशाळेतील कामगाराच्या हाती 'गो' आणि 'नो-गो' असे दोन टोकांचे गेज असते. एक टोक आत जायलाच हवे, दुसरे जाता कामा नये. हे गेज, साचे आणि भाग घट्ट पकडून ठेवणारी फिक्स्चर यांचे घर म्हणजे टूलरूम. या शहरातील इंडो-जर्मन टूलरूम ही केंद्र सरकारच्या अखत्यारीतील संस्था साचे घडवते आणि ते घडवणारे तरुणही घडवते. कारखान्याची यंत्रे परदेशातून विकत आणता येतात. साचा वाचणारी नजर मात्र अशाच ठिकाणी तयार होते.

खड्डे आणि ब्रेक

इंजिनाचे काम गाडी पळवण्याचे. ती सावरण्याचे आणि थांबवण्याचे काम सस्पेन्शन व ब्रेक यांचे. मोटारसायकलच्या पुढच्या फोर्कमध्ये स्प्रिंग असते, हे सर्वांना ठाऊक असते. मात्र नुसती स्प्रिंग खड्ड्याचा धक्का साठवते आणि लगेच परत करते; गाडी चेंडूसारखी उसळत राहते. ही उसळी जिरवते ते फोर्कमधील तेल. चाक वर-खाली होताना तेलाला बारीक छिद्रांतून जावे लागते आणि धक्क्यातील ऊर्जेची उष्णता होते. छिद्रांचा व्यास थोडा बदलला, तरी गाडीचा स्वभाव बदलतो. तेल आत राखणारे रबरी सील ज्या नळीवर घासते, तिच्यावर साधारण दहा-वीस मायक्रॉन जाडीचा कठीण क्रोमचा मुलामा असतो. त्यावर गंजाचा एखादा ठिपका पडला, की सील फाटते आणि फोर्क गळू लागतो. फोर्कची नळी पुसून स्वच्छ ठेवण्याचा मेकॅनिकचा सल्ला या कारणासाठी मोलाचा आहे.

ब्रेकचेही काम वेगाची उष्णता करण्याचे. गाडी आणि दोन माणसे मिळून ३०० किलो वजन ताशी ७२ किलोमीटर वेगाने जात असेल, तर थांबताना ६० हजार ज्यूल ऊर्जा जिरवावी लागते. ती सगळी सव्वा किलोच्या एका पोलादी डिस्कमध्ये गेली, तर एका ब्रेकमध्ये तिचे तापमान जवळपास १०० अंशांनी वाढेल. घाटात वारंवार ब्रेक लावल्यावर ही उष्णता ब्रेकच्या तेलापर्यंत पोहोचते. सर्वसाधारण वापरातले हे तेल हवेतील ओलावा शोषते आणि ओलावा शोषलेले तेल कमी तापमानाला उकळते. तेलात वाफ झाली, की दाब चाकापर्यंत पोहोचत नाही आणि लिव्हर मऊ पडते. ब्रेकचे तेल साधारण दोन वर्षांनी बदलावे, असे सांगितले जाते ते यामुळेच. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीहून अधिक क्षमतेच्या नव्या दुचाकींना चाक लॉक होऊ न देणारी एबीएस यंत्रणा सक्तीची झाली. मात्र संगणकाचा मेंदू जोडला, तरी शेवटी चाक थांबवते ती डिस्क आणि पॅड यांची जोडीच.

विश्वासाची परीक्षा

भाग तयार झाला म्हणजे तो गाडीत बसत नाही. त्याला आधी कारखान्यातच वर्षांचा प्रवास काही दिवसांत घडवला जातो. चाचणीयंत्रावर फोर्क लाखो वेळा दाबला जातो, चाकावर भार टाकून ते फिरवले जाते, क्रोमचा मुलामा मिठाच्या फवाऱ्यात तासन्तास ठेवला जातो. १९६६ मध्ये पुण्यात स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, म्हणजेच 'एआरएआय', वाहने आणि त्यांच्या महत्त्वाच्या घटकांच्या चाचण्या घेऊन प्रमाणपत्र देते.

बाजारातील नकली सुट्या भागाचा धोका येथे ध्यानात येतो. नकली ब्रेक पॅड किंवा चेन-स्प्रॉकेट दिसायला हुबेहूब असते. खोक्यावरची छपाईसुद्धा तशीच असते. किमतीत जी बचत दिसते, ती बहुधा भट्टीतल्या तासांतून, पोलादाच्या प्रतीतून किंवा चाचणीतून झालेली असते. म्हणजे नेमके तेच वगळलेले असते, जे डोळ्यांना दिसत नाही.

पिस्टन गेल्यावर काय?

आता या उद्योगासमोर नवे वळण आहे. एप्रिल २०२० मध्ये 'बीएस-६' हे प्रदूषण मानक लागू झाले आणि नव्या दुचाकींतून कार्बोरेटर जवळपास हद्दपार झाला. त्याची जागा फ्युएल इंजेक्शनने घेतली. विजेवरच्या वाहनांमुळे होणारा बदल याहून मोठा असेल. पिस्टन, व्हॉल्व्ह, कॅमशाफ्ट, सायलेन्सर या भागांची त्यांत गरजच उरत नाही. फक्त व्हॉल्व्ह किंवा क्लच प्लेट बनवणाऱ्या छोट्या कार्यशाळेसाठी हा पोटापाण्याचा प्रश्न आहे. २०२४ मध्ये अथर एनर्जीने येथील 'ऑरिक' औद्योगिक नगरीत विजेवरच्या दुचाकींचा कारखाना उभारण्याचे जाहीर केले आणि त्याच वर्षी टोयोटा किर्लोस्करनेही या शहरातील नियोजित प्रकल्पासाठी राज्य शासनाशी सामंजस्य करार केला. हे वळण दूरचे नाही, याची ही खूण आहे.

मात्र सगळेच भाग बाद होणार नाहीत. चाक, ब्रेक, फोर्क, शॉक ॲब्सॉर्बर, बेअरिंग यांची गरज राहतेच. जड बॅटरीमुळे सस्पेन्शनवरचा भार काही वाहनांत वाढतोच. मोटर आणि बॅटरीला ॲल्युमिनियमचे कवच लागते, तेही गळती न होणारे. इंजिनाचा आवाज नसल्यामुळे गिअरच्या दातांची किंचितशी घरघरही कानाला खटकते. म्हणून जो थोडा गिअरकामाचा भाग उरतो, त्याला आधीपेक्षा अधिक बारीक माप लागते.

वाळूज, चिकलठाणा आणि शेंद्रा येथील कामगारांनी चाळीस वर्षांत कमावलेली पुंजी एखाद्या विशिष्ट भागाची नाही. साचा वाचण्याची, भट्टीचे तापमान सांभाळण्याची, गेज खोटे बोलत नाही हे मानण्याची आणि शंकास्पद 'जॉब' पुढे न सरकवता बाजूला काढण्याची ही शिस्त आहे. पिस्टन उद्या गेला, तरी या शिस्तीला काम उरेल. मात्र जी कार्यशाळा एकाच भागावर तगून आहे, तिला नवे यंत्र घेण्यासाठी भांडवल आणि कामगाराला नवे कसब शिकण्यासाठी वेळ मिळाला, तरच या शिस्तीचा त्या कार्यशाळेला उपयोग होईल.